कोपराची पॉवर दर वेळी वेगळी का येते? एमएमटी (मॅन्युअल मसल टेस्टिंग, म्हणजे स्नायूची ताकद हाताने तपासणं) करताना आकडा हलण्याची कारणं आणि उपाय

पेशंट तोच, कोपर तेच, आठवडाही तोच. निपाणीच्या दवाखान्यातल्या कागदावर बायसेप्स (दंडाचा पुढचा, कोपर वाकवणारा स्नायू) ३ लिहिलंय, बेळगावच्या कागदावर ४, आणि कोल्हापूरच्या सर्जननी स्वतः तपासून लिहिलंय ३ प्लस. पेशंट तिन्ही कागद पुढ्यात ठेवतो आणि विचारतो, "हात सुधारतोय का बिघडतोय, एक काय ते सांगा की."

आपल्या सीमाभागात हा प्रश्न सारखा येतो, कारण इथला पेशंट एका दारात थांबत नाही. खानापूरचा माणूस बेळगावला येतो, निपाणी-संकेश्वरचा कोल्हापूर गाठतो, चिकोडी-रायबागकडचा मिरजेला जातो. तपासणारे बदलतात, भाषा बदलते, कागदाचा नमुना बदलतो. सगळीकडे त्याच्याबरोबर जातो तो फक्त पॉवरचा आकडा. नस भरून येतेय का, ऑपरेशनसाठी थांबायचं का, व्यायाम वाढवायचा का, हे त्या आकड्यावर ठरतं. म्हणून तो हलत असेल तर का हलतोय हे शोधून काढणं आपलं, तपासणाऱ्यांचं, काम आहे. बहुतेक वेळा स्नायू आहे तसाच असतो, आपली मांडणी बदललेली असते. कोपराच्या बाबतीत ती कुठे कुठे बदलते, ते ज्या क्रमाने मी तपासतो त्याच क्रमाने सांगतो.

त्याआधी आकड्यांचा आवाका लक्षात घेऊया, कारण निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. ० म्हणजे काही नाही, १ म्हणजे नुसतं फुरफुरणं, २ म्हणजे गुरुत्वाकर्षण काढून घेतल्यावर पूर्ण हालचाल, ३ म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पूर्ण हालचाल, ४ म्हणजे त्यावर थोडा विरोध झेलला, ५ म्हणजे नॉर्मल. या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. हिशेब करून बघा. ६० किलोच्या माणसाचा कोपरापासून पंजापर्यंतचा हात साधारण १.३ किलोचा असतो, आणि त्याचं वजन कोपरापासून १७ सेंटीमीटरवर एकवटलंय असं धरलं तर तो उचलायला २२ किलो-सेंटीमीटर एवढा जोर पुरतो. धडधाकट तरुण मनगटाजवळ २५ किलोच्या आसपास रोखून धरतो, म्हणजे २४ सेंटीमीटरवर ६०० किलो-सेंटीमीटर. म्हणजे ग्रेड ३ मिळायला पूर्ण ताकदीच्या जेमतेम ४ टक्के लागतात. उरलेला जवळजवळ सगळा पल्ला ग्रेड ४ च्या पोटात आहे. म्हणून खाली, २ आणि ३ च्या मध्ये, पोझिशनमधल्या बारीक फरकानेही आकडा उडी मारतो. आणि वर ४ मध्ये पेशंट दुप्पट सुधारला तरी आकडा जागचा हलत नाही. दोन्हीकडची दुरुस्ती वेगळी आहे.

तळवा कुठे बघत होता?

वाकवण्याची ग्रेड बदललेली दिसली की हा माझा पहिला प्रश्न असतो. कोपर वाकवणारे मुख्य स्नायू तीन. तळवा वर असेल तर बायसेप्सला पूर्ण संधी मिळते. तळवा खाली केला की बायसेप्सचा जोर उतरतो आणि काम ब्रेकियालिसवर येतं. ब्रेकियालिस अल्नाला (करंगळीच्या बाजूच्या हाडाला) चिकटलेला असल्यामुळे हात कसाही फिरवला तरी त्याला फरक पडत नाही. अंगठा वर ठेवला की ब्रेकिओरेडियालिस पुढे येतो. पहिले दोन मुख्यतः मस्क्युलोक्युटेनियस नर्व्हवर चालतात, तिसरा रेडियल नर्व्हवर.

आता मस्क्युलोक्युटेनियस नर्व्हला मार बसलेला पेशंट घ्या. "मामा, हात वाकवा" म्हटलं की तो आपोआप अंगठा वर करून वाकवतो. त्याला तसंच जमतं. ज्याने तसंच तपासलं त्याने ३ प्लस लिहिलं. ज्याने तळवा वर फिरवून धरला त्याने २ लिहिलं. दोघांनीही बरोबरच लिहिलं, फक्त पंजा कसा होता ते कोणीच लिहिलं नाही. उलट बाजूने, दंडाचं हाड मोडून रेडियल नर्व्ह दुखावलेल्या पेशंटमध्ये तळवा वर ठेवून तपासलं तर ५ सुद्धा येतो. अंगठा वर करून विरोध दिला की पुढच्या हाताच्या (कोपर ते मनगट) बाहेरच्या कडेला जो स्नायू दोरीसारखा उठायला हवा, तो उठतच नाही. हे दिसायला डोळे तिथे असावे लागतात. तिथे बघितलं तर मनगट लुळं पडण्याचं कारणही ओळखता येतं. नस दंडाच्या मध्यावर दबली असेल तर ट्रायसेप्सला (दंडामागच्या, कोपर सरळ करणाऱ्या स्नायूला) जाणाऱ्या तिच्या फांद्या बहुधा त्याच्या वरच सुटलेल्या असतात, म्हणून ट्रायसेप्स चांगला आणि ब्रेकिओरेडियालिस गेलेला असं चित्र दिसतं. मानेतली सी-७ ची मूळ नस दबली असेल तर ट्रायसेप्स कमजोर आणि ब्रेकिओरेडियालिस शाबूत. दोघांमध्येही पेशंटची तक्रार एकच असते, "हातात बळ नाही."

उपाय सोपा आहे. वाकवणं तीनदा तपासा, तळवा वर, तळवा खाली, अंगठा वर, आणि तीन आकडे लिहा. एकच लिहायला वेळ असेल तर कुठला ते तरी लिहा.

बसवून तपासलं की झोपवून?

वॉर्डातल्या पेशंटच्या बाबतीत हा घोळ हमखास होतो. पेशंट खुर्चीत बसलाय, हात खाली सोडलाय. सुरुवातीला पुढचा हात सरळ लोंबतोय, तेव्हा गुरुत्वाकर्षणाचा भार कोपरावर जवळजवळ शून्य. जसजसा हात वाकतो तसतसा भार वाढतो, ९० अंशांवर सगळ्यात जास्त, पुढे पुन्हा कमी. तोच पेशंट कॉटवर उताणा झोपलाय, हात गादीवर अंगालगत. आता सगळा भार सुरुवातीलाच आहे, आणि नेमक्या त्याच जागी, कोपर सरळ असताना, वाकवणारे स्नायू सगळ्यात अशक्त असतात. त्यामुळे त्याचा हात गादीवरून उठतच नाही आणि कागदावर २ पडतात. बसवलं असतं तर तोच हात ६०-७० अंशांपर्यंत आला असता आणि तुम्ही २ च्या वरचा आकडा लिहिला असता.

याच्या उलटही होतं. झोपलेल्या पेशंटचा हात कोणीतरी ९० अंशांपर्यंत उचलून दिला की तिथून पुढे तो स्वतःच्या वजनाने छातीवर पडतो. शेजारी बसलेली बायको किंवा मुलगा आनंदाने म्हणतो, "वाकला की हो हात!" त्या घरच्या माणसाचं मन न मोडता, पण कागदावर हे श्रेय बायसेप्सला द्यायचं नाही. ३ ची परीक्षा बसवूनच घ्या. बसवणं शक्य नसेल तर झोपवून घेतली असं लिहा आणि पुढच्या वेळीही झोपवूनच घ्या.

२ साठी बसवून खांदा ९० अंश बाजूला उचलून दंडाला खालून आधार द्यायचा आणि हात जमिनीला समांतर फिरू द्यायचा, किंवा कुशीवर झोपवायचं. आधार देताना आपला हात पुढच्या हातावर न जाता दंडाखाली कोपराजवळ हवा. हे ट्रायसेप्सला तर फारच लागू आहे.

ट्रायसेप्स नाही तरी कोपर सरळ होतंय

या तक्रारीवर थोडा जास्त वेळ देतो, कारण इथे चुकलेला आकडा पेशंटला सगळ्यात महागात पडतो. मानेच्या मणक्याला इजा झालेल्या माणसाचा ट्रायसेप्स किती आहे यावर तो पुढे कॉटवरून व्हीलचेअरवर स्वतःचा स्वतः सरकू शकेल का, हे बऱ्याच अंशी ठरतं.

पहिला सापळा अगदी साधा. पेशंट बसलाय, हात अंगालगत, कोपर वाकवून म्हणायचं, "करा सरळ." हात सरळ होतो. पण त्या स्थितीत सरळ करायला ट्रायसेप्स लागतच नाही. बायसेप्स हळूहळू सोडला की वजनानेच हात खाली येतो. यावरून ३ लिहिलेले कागद मी वरचेवर बघतो. ट्रायसेप्सला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध कामाला लावायचं तर दोन चांगल्या रीती आहेत. एक, पालथं झोपवून खांदा ९० अंश बाजूला, दंड प्लिंथवर (तपासणीच्या टेबलावर), पुढचा हात कडेवरून खाली लोंबता. दुसरी, उताणं झोपवून दंड सरळ छताकडे आणि कोपर वाकवलेलं.

या दोन्हींत सारखा आकडा येईल असंही गृहीत धरू नका. पालथं असताना हात जसा सरळ होत जातो तसा भार वाढतो आणि शेवटच्या टप्प्यात सगळ्यात जास्त असतो. उताणं असताना भार मध्यावर जास्त आणि शेवटी हात उभा झाला की जवळजवळ काहीच नाही. कमजोर ट्रायसेप्स उताणं असताना पूर्ण सरळ करेल आणि पालथं केल्यावर शेवटच्या १५-२० अंशांत अडकेल. मला पालथी रीत जास्त विश्वासाची वाटते. पण मधुमेहात खांदा आखडलेला असेल, दमा असेल, वय झालेलं असेल तर पालथं झोपवायचा आग्रह धरू नये. उताणं तपासताना पेशंटचं मनगट हातात धरून ठेवा. ताकद संपली की पंजा थेट नाकावर आपटतो.

दुसरा सापळा बसवून २ तपासताना लागतो. खांदा बाजूला उचललेला, दंडाला आधार, आणि पेशंटने खांदा हळूच बाहेरच्या बाजूला फिरवला की पुढचा हात वर जातो आणि मग कोपर वजनाने उघडतं. ट्रायसेप्स शून्य असला तरी हे घडतं. तिसरा सापळा आपणच लावतो. पेशंटचं मनगट आपण घट्ट धरलेलं असतं. तो दंड छातीकडे ओढतो, हाताचं टोक आपल्या मुठीत अडकलेलं असल्यामुळे कोपर ताणलं जाऊन सरळ होतं. मणक्याच्या इजेचे पेशंट ही युक्ती मुद्दाम शिकतात. रोजच्या जगण्यात ती त्यांच्या फार उपयोगाची आहे, ती मोडू नका, फक्त परीक्षेत मोजू नका. म्हणूनच आधार दंडाखाली द्यायचा, मनगटाला नाही.

तिन्ही सापळ्यांवर एकच पडताळा चालतो. दुसऱ्या हाताची बोटं कोपराच्या टोकाच्या किंचित वर, ट्रायसेप्सच्या कंडऱ्यावर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर) ठेवा. हात सरळ झाला आणि बोटांखाली काहीच ताणलं गेलं नाही, तर तो हात ट्रायसेप्सने सरळ केलेला नाही. बायसेप्ससाठी हीच बोटं कोपराच्या खळगीतल्या कंडऱ्यावर ठेवायची. त्यासाठी बाही खांद्यापर्यंत मोकळी हवी. फुलशर्टची बाही गुंडाळून दंडावर घट्ट बसवली की स्नायूच आवळला जातो आणि ग्रेड १ चं फुरफुरणं ना दिसत, ना हाताला लागत. शर्ट काढून घ्या. बायकांच्या ब्लाउजची बाही घट्ट असते, तेव्हा पडदा ओढून, सोबतच्या बाईला आत बोलावून, सैल गाऊन देऊन तपासा. यात गेलेली पाच मिनिटं वाया जात नाहीत.

५ च्या टोकाला आणखी एक गोष्ट. ट्रायसेप्सला विरोध देताना कोपर पूर्ण सरळ होऊ देऊ नका. पूर्ण सरळ झालं की सांधाच कुलूप लावल्यासारखा अडकतो आणि आपण हाडावर जोर लावत बसतो. पूर्ण सरळ व्हायला २० अंश बाकी असताना थांबवा आणि तिथे विरोध द्या.

हात नेमका कुठे धरला?

आपल्याकडे बायकांच्या हातात काकणं असतात, लग्न-बारसं झालं की डझन डझन भरलेली. काच फुटेल म्हणून तपासणारा काकणांच्या वर, पुढच्या हाताच्या मध्यावर पंजा ठेवतो. पुढच्या वेळी दुसरा कोणीतरी काकणं वर सरकवून मनगटाजवळ धरतो. कोपरापासून पहिली जागा १५ सेंटीमीटर, दुसरी २२. एवढ्या फरकाने काय होतं बघा. ज्या स्नायूला मनगटाजवळ १० किलोचा दाब सहन होत नाही, तोच स्नायू मध्यावर धरलं तर साडेचौदा किलोच्या वरपर्यंत टिकतो. तपासणाऱ्याच्या हाताला साडेचौदा किलो भक्कम लागतात. म्हणून एका कागदावर ४ प्लस आणि दुसऱ्यावर ४ मायनस येतं, बाई मात्र तीच, स्नायूही तोच. दोन हातांत काकणं कमी-जास्त असतील तर डाव्या-उजव्यातला फरकही खोटाच निघतो.

काकणं काढायला सांगू नका. अनेकींना ते रुचत नाही आणि तशी गरजही नाही. काकणं कोपराकडे सरकवा, वर मऊ टॉवेलची घडी गुंडाळा, आणि मनगटाच्या हाडाच्या लगेच वर आपला तळवा ठेवा. दर वेळी तीच जागा, दोन्ही हातांना तीच जागा. मनगट दुखत असेल किंवा तिथे जखम असेल तर वर धरा, पण सेंटीमीटर लिहा.

दुसरा हात खांद्यावर समोरून ठेवायचा, म्हणजे खांदा मागे सरकला की कळतं. ज्याचा वाकवणारा स्नायू कमजोर असतो तो आधी दंड मागे नेतो, झोका घेऊन पुढे आणतो किंवा पाठ मागे टाकतो. मूठ आवळून मनगट आत वाकवणं ही तर फारच सवयीची युक्ती. पुढच्या हाताचे मूठ वळवणारे स्नायू कोपराच्या वरून निघतात, ते ताणले की कोपर थोडं वाकतंच. लहानपणी पोलिओ झालेले, आज चाळिशी-पन्नाशीतले लोक यात इतके तरबेज असतात की नवीन इंटर्नला बायसेप्स ३ वाटतो आणि बोटं ठेवली तर तिथे काहीच नसतं. त्यावर उपाय म्हणजे "मूठ सोडा, बोटं सैल, आता वाकवा."

काय सांगितलं आणि कसं सांगितलं

"जोर लावा" ही आज्ञा अपुरी आहे. कुठल्या दिशेने? ट्रायसेप्स तपासताना "जोर लावा" म्हटल्यावर निम्मे पेशंट हात आपल्याकडे ओढतात. आणि बेळगाव जिल्ह्यात मराठी बोलणाऱ्या तपासनिसापुढे कन्नड बोलणारा पेशंट आणि उलट, हे रोजचंच आहे. पेशंट मान डोलावतो, आपल्याला वाटतं समजलं. मग हात अर्धवट सुटतो आणि कागदावर "प्रयत्न करत नाही" असा शेरा पडतो. हा शेरा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो पुढच्या प्रत्येक तपासनिसाच्या मनात पेशंटबद्दल शंका पेरतो.

आधी चांगल्या हातावर करून दाखवा. मग "हात वाकवा, असाच धरा, मी खाली ओढणार, सोडू नका." कन्नडमध्ये एवढं पाठ असलं तरी भागतं: "कै मडचरी, हंग हिडीरी, बिडब्याडरी." जोर एकदम झटका देऊन लावू नका, दोन-तीन सेकंदांत वाढवत न्या. आणि एक ठरवा. पेशंटला धरून ठेवायला सांगून आपण त्याची ताकद मोडून हात खाली न्यायचा, की त्याला ढकलायला सांगून आपण फक्त अडवायचं? पहिल्या रीतीत आकडा थोडा जास्तच येतो. दोन्ही चालतात, पण एका पेशंटला दोन्ही आलटून पालटून नकोत.

दुखणं वेगळं ओळखा. खरी कमजोरी असेल तर हात सावकाश, एकसारखा खाली जातो. दुखत असेल तर आधी चांगला धरलेला हात एकदम सुटतो, आणि बहुतेक वेळा चेहऱ्यावर आधी कळतं. ऊसतोडीच्या हंगामानंतर टेनिस एल्बो घेऊन येणाऱ्यांत हे नेहमी दिसतं. मूठ आवळली की कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ जाते, मग वाकवण्याची ताकदही कमी भासते. अशा वेळी नुसतं ४ लिहू नका, "४, दुखून सोडलं" असं लिहा.

लकव्याच्या पेशंटबद्दल थोडक्यात. एमएमटीची ही पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोस्टनमध्ये डॉ. रॉबर्ट लव्हेट यांच्याकडे पोलिओच्या मुलांसाठी तयार झाली, १९१२ मध्ये विल्हेल्मिन राइट यांनी ती मांडली, आणि ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४३ मध्ये युद्धातल्या नर्व्हच्या जखमांसाठी ०-५ चे आकडे रूढ केले. म्हणजे सैल पडलेल्या स्नायूंसाठी ती बनली. लकव्याने ताठरलेल्या हातात जांभई आली तरी कोपर वाकतं, चालताना जास्त वाकतं, झोपल्यावर सैल पडतं. तिथे ग्रेड दर वेळी बदलणारच. कोपर एकटं हलतं की खांद्यासकट सगळा हात एकत्र ओढला जातो, ताठरपणा किती, हे लिहिलेलं जास्त उपयोगी.

महिनाभर व्यायाम करूनही ४ वरच अडकलंय

वरचा ४ टक्क्यांचा हिशेब आठवा. ४ मध्ये अडकलेला पेशंट बहुतेकदा अडकलेला नसतो, आपली मोजपट्टी तिथे आंधळी असते. हाताने वापरायचा डायनॅमोमीटर (ताकद मोजायचं यंत्र) असेल तर उत्तम. नसेल तर प्रवासाच्या बॅगेचं वजन करायचा हुकाचा डिजिटल काटा घ्या. पेशंटला बसवा, कोपर ९० अंश, तळवा वर. मनगटावर रुंद पट्टा, त्याला काटा, आणि काट्याचं दुसरं टोक खाली जड प्लिंथच्या पायाला न ताणणाऱ्या पट्ट्याने बांधा, पट्टा सरळ उभा राहील असा. पेशंटने सावकाश वर ओढायचं, तीन-चार सेकंद. मध्ये एक मिनिट विश्रांती, तीन प्रयत्न, सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा. ज्यांना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांना श्वास रोखू देऊ नका, मोठ्याने आकडे मोजायला लावा. दोन्ही हातांत दहा टक्के इकडे तिकडे असेल तर मनावर घेऊ नका. गेल्या महिन्यात ६ किलो आणि आज ९ किलो दिसले की पेशंटचा हुरूप वाढतो. दोन्ही वेळा ४ लिहिलं असतं तर तो व्यायाम सोडून बसला असता.

तालमीतल्या पोरांच्या बाबतीत हे उलट्या बाजूने लागू आहे. बेळगावच्या आसपास कुस्ती जपणारी गावं पुष्कळ. त्या पैलवानाचा ट्रायसेप्स तीस टक्के कमी झाला तरी सडसडीत अंगाच्या इंटर्नला तो मोडता येणार नाही, आणि ५ लिहिलं जाईल. त्याला जोर मारायला सांगा आणि समोरून बघा. थकत आल्यावर छाती कुठल्या बाजूला कलते, कुठला हात आधी वाकतो, यावरून सी-७ ची कमजोरी हाताने तपासण्याच्या आधी दिसते. मान दुखत असेल किंवा मुंग्या येत असतील तर मात्र जोर नको, काट्यावरच मोजा.

विरोध देऊच नये अशा वेळा

प्लास्टर नुकतं निघालंय, कंडरा शिवलाय, हाड जुळल्याची खात्री नाही, तर ३ च्या पुढे जाऊ नका. सर्जनना विचारा आणि "३ किंवा जास्त, विरोध दिला नाही" असं लिहा. झाडावरून पडून कोपराच्या वर हाड मोडलेली मुलं आणि मधल्या काळात गावात जोरात मालीश करून घेतलेले मोठे, दोघांमध्येही ही काळजी घ्या. दुखावलेल्या कोपराला ओढूनताणून चोळलं तर ब्रेकियालिसमध्ये हाड तयार होऊ शकतं. कोपर गरम, सुजलेलं, आणि हालचाल आठवड्यागणिक कमी होत असेल तर त्या दिवशी ताकद तपासू नका, एक्स-रे बघा. आखडलेल्या कोपरात ग्रेड मिळेल तेवढ्याच पल्ल्यात द्या आणि तो पल्ला अंशांत लिहा.

कागदावरची ओळ साधारण अशी असावी: "उजवं कोपर, वाकवणं, बसून, ९० अंशांवर, तळवा वर ४, अंगठा वर ४ प्लस, तळवा खाली ४ मायनस, विरोध मनगटाच्या लगेच वर, धरून ठेवायला सांगून, दुखलं नाही, पल्ला २० ते १२५ अंश." लिहायला अर्धा मिनिट लागतो. कोल्हापूर-मिरजेच्या डॉक्टरला मग फोन करावा लागत नाही. प्लस-मायनस वापरत असाल तर त्याचा अर्थ तुमच्या दवाखान्यात सगळ्यांचा एक असू द्या, नाहीतर सोडून द्या.

आता हे सगळं जुळवलं, त्याच वेळी, त्याच रीतीने, त्याच जागी धरून तपासलं, आणि तरीही आकडा खाली चाललाय, तर तो खराच खाली चाललाय. मग वाट बघू नका. दोन्ही हातांत कमजोरी, शर्टची बटणं लावताना बोटं अडखळणं, चालताना पाय अडकणं, लघवीवर ताबा कमी होणं, यातलं काही सोबत असेल तर मानेचा मज्जारज्जू दबत असू शकतो. त्याच दिवशी न्यूरोसर्जनकडे पाठवा आणि मानेला कुठलाही व्यायाम, ताण देऊ नका. सलग पाच-सहा वेळा तपासल्यावर ट्रायसेप्स ४ वरून ३ वर येतो, थोडं बसल्यावर पुन्हा ४ होतो, आणि पापणी झुकते किंवा गिळायला जड जातं, तर न्यूरोलॉजिस्टकडे चिठ्ठी द्या. त्या चिठ्ठीत पहिल्या प्रयत्नाचा आणि शेवटच्या प्रयत्नाचा, असे दोन्ही आकडे लिहा.